गांधीलमाशीच्या वेशातला पतंग शोधायचा कसा?

मलेशियातल्या सखल पर्जन्यवनांत नदीकाठच्या ओल्या वाळूवर कुंभारीण माशा (गांधीलमाशीचाच एक प्रकार) पाणी प्यायला उतरतात. त्यांच्यात मिसळून, त्यांच्याच ढंगात उडत येणारा एक पतंग २०१७ मध्ये ‘पायरोफ्लेप्स एलावी’ या नावाने शास्त्राच्या दफ्तरी दाखल झाला. मार्ता स्कोव्रोन वोल्पोनी आणि पाओलो वोल्पोनी यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात त्याच्या रंगरूपाबरोबर डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरतात तो जनुकाचा तुकडा) आणि वागण्याच्या नोंदीही दिल्या.

हा पतंग सेसिइडी कुळातला. या कुळात जगभरात १,४०० हून अधिक जाती आहेत आणि बहुतेकांच्या पंखांचा मोठा भाग काचेसारखा आरपार दिसतो, म्हणून त्यांना क्लिअरविंग म्हणतात. विष नाही, नांगी नाही, तरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांमुळे पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचं रूप घेऊन जीव वाचवायचा, या प्रकाराचं पहिलं नीट स्पष्टीकरण हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये दिलं. या पतंगांनी ते रूप अगदी टोकाला नेलं आहे. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात आग्नेय आशियातल्या क्लिअरविंग पतंगांचा हवेतला मार्ग त्याच परिसरातल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांशी ताडून पाहिला, तर उडण्याची ढबसुद्धा जुळली.

माझं ठाम मत आहे की यांतल्या पुष्कळ जाती जितक्या दुर्मिळ समजल्या जातात, तितक्या त्या नसतात. आपण त्यांना भलत्या वेळी आणि भलत्या जागी शोधतो. पतंगांची पाहणी म्हटली की रात्री पांढरा पडदा टांगायचा आणि दिवा लावायचा, ही आपली सवय. हे पतंग भर उन्हात उडतात. दिवसा ते समोर बसले तरी आपण गांधीलमाशी समजून दोन पावलं मागे सरतो. पक्ष्यांना फसवणारं सोंग आपल्यालाही फसवतं, म्हणून शोधाची पद्धतच बदलायला हवी.

आधी नजर तयार करा

शोधायला निघण्यापूर्वी गांधीलमाशी आणि पतंग यांतला फरक डोळ्यांत बसला पाहिजे. त्यासाठी खऱ्या गांधीलमाश्याच बघा. फुलांवर, पाण्याच्या कडेला, कुजक्या फळांवर त्या भरपूर येतात. थोडं अंतर राखून दुर्बिणीतून बघितल्या तरी चालतं. जवळून दुर्बीण फोकस होत असेल तर उत्तमच.

पहिली खूण कंबर. गांधीलमाशीची छाती आणि पोट यांच्यामध्ये दोऱ्यासारखी बारीक कंबर असते. पतंगाचं पोट सहसा छातीला रुंदीने जोडलेलं असतं. मात्र एवढ्यावर विसंबू नका. काही जातींत पोट मुळाशी निमुळतं झालेलं असतं, तर काहींत तिथल्या फिकट डागांमुळे कंबर असल्याचा भास होतो.

म्हणून डोकं बघा. गांधीलमाशीच्या स्पर्शिका कोपरातून वाकल्यासारख्या दिसतात. पतंगाच्या स्पर्शिका सलग वळणाच्या, बऱ्याचदा टोकाकडे किंचित जाड होत गेलेल्या असतात, आणि अगदी टोकाला केसांचा बारीकसा झुपका असू शकतो. गांधीलमाशीच्या डोळ्याला आतल्या बाजूने खाच असते, पतंगाचा डोळा गोल गरगरीत असतो. गांधीलमाशीला चावायला जबडे असतात. पतंगाला जबडे नाहीत, त्याला गुंडाळलेली सोंड असते, आणि युरोपातल्या हॉर्नेट मॉथसारख्या काही जातींत तीही नावापुरतीच उरलेली असते. असा पतंग प्रौढ झाल्यावर काही खात नाही.

पंखांवरून तर वाद मिटतोच. बसल्यावर गांधीलमाशी पुढचे पंख लांबीत दुमडून अरुंद करते, पतंगाला ते जमत नाही. पतंगाच्या पंखाची काच चारही बाजूंनी खवल्यांच्या चौकटीत बसवलेली असते. कडेला बारीक झालर, शिरांवर खवले, आणि पुढच्या पंखात मध्याच्या थोडं पुढे एक गडद आडवा ठिपका. हा ठिपका आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या पारदर्शक खिडक्या यांचा आकार जात ओळखताना फार उपयोगी पडतो, तो लक्षात ठेवा. पुढचा आणि मागचा पंख उडताना एकत्र राहावेत म्हणून कडांना दुमड आणि ताठ खवल्यांची रांग असते. त्यामुळे चार पंख असूनही उडताना दोनच असल्यासारखे दिसतात, आणि गांधीलमाशीचंही नेमकं तसंच असतं.

आणखी तीन सोंगाडे वाटेत भेटतील. पहिल्या त्या पट्टेवाल्या फुलमाश्या. त्यांना पंखांची एकच जोडी आणि अगदी आखूड स्पर्शिका असतात. दुसरे हेमारिस आणि सेफोनोडिस या गटांतले हॉकमॉथ. त्यांचेही पंख पारदर्शक, पण अंग जाडजूड. ते फुलापुढे हवेत तरंगत रस पितात. कोषातून बाहेर आल्यावर त्यांच्या पंखांवर खवले असतात आणि पहिल्या उड्डाणांतच ते झडून जातात. तिसरे अमाटा गटातले पतंग. काळ्या पंखांत पारदर्शक ठिपके, पिवळ्या पट्ट्यांचं पोट आणि आळसावलेलं उडणं. यांपैकी कोणीही सेसिइडी नाही.

झाड वाचायला शिका

या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. प्रौढ पतंग सहसा थोडेच दिवस जगतो, पण त्याची अळी झाडाच्या आत महिनोन्‌महिने असते. मोठ्या जातींत दोन-दोन, तीन-तीन वर्षं. मग काही दिवसांच्या पाहुण्याच्या मागे धावण्यापेक्षा जिथे तो इतका काळ मुक्कामाला असतो ते घर शोधणं शहाणपणाचं.

या कुळातल्या अळ्या पानं कुरतडत बसत नाहीत. त्या खोडात, सालीखाली, मुळांत, वेलींच्या देठांत पोखरत राहतात, काहींमुळे देठावर गाठ येते. बऱ्याच जातींची खाद्यवनस्पती ठरलेली असते. हॉर्नेट मॉथ पॉप्लरच्या बुंध्यात, ल्यूनर हॉर्नेट मॉथ विलोमध्ये, वेल्श क्लिअरविंग जुन्या बर्चच्या सालीखाली, करंट क्लिअरविंग करंट नावाच्या फळझुडपाच्या फांद्यांत, तर सिक्स-बेल्टेड क्लिअरविंग जमिनीलगत वाढणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांत. तुम्ही ज्या जातीच्या मागे आहात, तिची वनस्पती आधी शोधा आणि त्या वनस्पतीचे नग नकाशावर मांडा. उन्हात उभी असलेली, थोडी जखमी, जुनी झाडं पहिल्या यादीत घ्या.

आता झाडाजवळ जा आणि बुंध्याशी गुडघे टेका. हॉर्नेट मॉथची भोकं बहुतेक जमिनीलगतच्या पट्ट्यात असतात, उभ्याने बघणाऱ्याला ती दिसतच नाहीत. झाडाभोवती एक पूर्ण फेरी घ्या. सूर्याकडच्या बाजूवर जास्त वेळ द्या, कारण वेल्श क्लिअरविंगसारख्या जाती उबदार बाजू पसंत करतात.

काय बघायचं? गोल भोक. हॉर्नेट मॉथचं सुमारे आठ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीचं, वेल्श क्लिअरविंगचं त्याहून बरंच लहान. कड स्वच्छ, जणू गिरमिटाने पाडलेली. पण खोडाला भोकं पाडणारे भुंगेही असतातच, म्हणून आकार तपासा. जवाहिरी भुंग्यांची भोकं एका बाजूने सपाट, अर्धचंद्राकडे झुकणारी असतात. लांब मिशांच्या भुंग्यांची बऱ्याचदा लंबगोल. नुसत्या गोल भोकावरून मात्र शपथ घेऊ नका.

शपथ घ्यायला पुरावा लागतो तो कोषाच्या टरफलाचा. पतंग बाहेर पडण्याआधी आतला कोष स्वतःच हलत, सरकत भोकाच्या तोंडापर्यंत येतो. त्याच्या पोटाच्या वळ्यांवर मागे वळलेल्या बारीक काट्यांच्या आडव्या रांगा असतात. प्रत्येक वळशाला ते काटे बोगद्याच्या भिंतीत रुततात, त्यामुळे कोष पुढे जातो, मागे घसरत नाही. अर्धा बाहेर आला की पाठीवर चिरतो आणि पतंग निघून जातो. मागे उरतं ते तपकिरी, पातळ, चकचकीत टरफल, भोकातून अर्धं बाहेर डोकावणारं. बोटाच्या टोकावर घेऊन भिंगाखाली धरलंत तर काट्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात, आणि पुढच्या भागात डोळे, स्पर्शिका, पाय, पंख यांचे ठसे ओळखू येतात. भुंगा असं टरफल भोकात सोडून जात नाही. वारा-पाऊस झाला की ते गळून पडतं, म्हणून बुंध्याभोवतीचा पालापाचोळाही हाताने बाजूला करून बघा.

तिसरी खूण भुसा. अळी आत खात असते तेव्हा सालीच्या भेगांतून तांबूस-तपकिरी, दाणेदार भुसा बाहेर ढकलला जातो, कधी डिंकात किंवा रसात मिसळलेला. पीचच्या झाडावर जमिनीलगत डिंकाचे गोळे आणि त्यात असा भुसा दिसला, तर आत क्लिअरविंगची अळी असण्याची शक्यता बरीच. खात्री करायचीच झाली आणि फांदी वाळलेली, कापायचीच असेल, तर उभी चिरून बघा. पतंगाच्या अळीला पोटाखाली आखूड, मांसल पाय असतात आणि त्यांच्या तळाशी सूक्ष्म आकड्यांच्या दोन आडव्या ओळी. भुंग्याच्या अळीला असे पाय नसतात. जिवंत झाडाची साल सोलून अळी शोधू नका. झाडालाही जखम होते आणि अळीही मरते.

वेळ साधा

झाड सापडलं, भोकं जुनी की ताजी ते कळलं, आता प्रौढ पतंगाची वेळ साधायची. कोषातून बाहेर पडण्याचा हंगाम जातीपरत्वे ठरलेला असतो. युरोपातल्या हॉर्नेट मॉथचा जून-जुलै. बाहेर पडण्याची घटिकाही बरीचशी ठरलेली: हॉर्नेट मॉथ सकाळी लवकर निघतो आणि पंख वाळेपर्यंत बुंध्यावरच बसून राहतो. फोटोसाठी याहून चांगली संधी नाही. ऊन तापलं की तो उडालाच समजा. नरमाद्यांची जोडीसुद्धा याच वेळी बुंध्यावर बसलेली सापडते.

दिवस निवडताना ऊन आणि वारा या दोनच गोष्टी बघा. ढगाळ, थंड किंवा वादळी दिवस फुकट जातो.

फुलांवर शोधायचं असेल तर सपाट तुऱ्यांची, उघडी, लहान लहान फुलं असलेली झुडपं निवडा. ही पद्धत मला फारशी भरवशाची वाटत नाही, योगायोगाचा भाग मोठा.

ओल्या वाळूवर बसून राहा

उष्ण कटिबंधातल्या जंगलात खाद्यवनस्पती शोधणं फार अवघड. तिथे दुसरी युक्ती चालते: चिखलपान. फुलपाखरं ओल्या मातीतून क्षार शोषतात हे अनेकांनी पाहिलेलं असतं. काही क्लिअरविंग पतंगही तेच करतात, आणि पायरोफ्लेप्स एलावी असाच सापडला.

याचं आणखी मोठं उदाहरण म्हणजे हेटेरोस्फेशिया टावोनॉइडिस, निळसर झाक असलेला, मधमाशीची नक्कल करणारा पतंग. १८८७ मध्ये सुमात्रात मिळालेला एकच खराब झालेला नमुना युरोपातल्या संग्रहालयात पडून होता. त्यावरून २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. जिवंत पतंग मात्र कुणी पाहिला नव्हता. २०१३ मध्ये स्कोव्रोन वोल्पोनी यांना तो मलेशियाच्या पर्जन्यवनात नदीकाठी दिसला, चिखलपान करताना. सव्वाशे वर्षांत नजरेला न पडलेली जात दिवसाढवळ्या, उघड्या काठावर!

कृती सोपी आहे, धीर लागतो. जंगलातून वाहणाऱ्या स्वच्छ नदीचा असा काठ निवडा जिथे ऊन थेट पडतं आणि वाळू किंवा बारीक खडी ओली राहते. काठावर फुलपाखरं, मधमाश्या, कुंभारणी उतरताहेत का ते आधी बघा. ज्यांचं सोंग घ्यायचं तेच तिथे नसतील तर सोंगाड्याची आशा कमी. मग एका जागी खाली बसा आणि हालचाल थांबवा. येणाऱ्या प्रत्येक ‘माशी’कडे शंकेने बघा. उतरल्यावर लांब सोंड वाळूत खुपसणारी ‘माशी’ दिसली, की तुमचा दिवस सार्थकी लागला. मागच्या पायांकडेही बघा, बऱ्याच जातींत ते केसाळ, झुपकेदार असतात आणि माशीच्या पायासारखे दिसतात.

हाताने पकडायला जाऊ नका. तुमचा अंदाज चुकला तर तो खरोखरच गांधीलमाशीचा डंख असेल. संरक्षित जंगलात जाण्यासाठी आणि नमुना घेण्यासाठी लागणारी परवानगी आधीच हातात असू द्या.

कामगंधाचा ल्यूर: ताकदीचं साधन, जपून वापरा

शेतकऱ्यांना कामगंध सापळे नवे नाहीत. तीच कल्पना इथे लागू होते. मादी स्थिर बसून गंध सोडते, नर वाऱ्याच्या उलट दिशेने तिच्याकडे येतो. १९७४ मध्ये अमेरिकेत पीचचं खोड पोखरणाऱ्या दोन क्लिअरविंग जातींचे कामगंध ओळखले गेले. दोन्ही रेणू अठरा कार्बनच्या साखळीचे, फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या मांडणीत. एवढ्याशा फरकावर दोन्ही जातींचे नर आपापल्या मादीचा माग बरोबर काढतात. पुढे याच प्रकारच्या रेणूंच्या वेगवेगळ्या मिश्रणांना इतर अनेक जातींचे नर येतात हे लक्षात आलं आणि ल्यूर, म्हणजे अशा गंधाची आमिषं, तयार होऊ लागले.

त्यांचा परिणाम किती मोठा असतो, याचा दाखला ल्यूनर हॉर्नेट मॉथने दिला. ब्रिटनमध्ये पूर्वी तो क्वचितच दिसे. त्याच्यासाठी ल्यूर उपलब्ध झाला आणि जिथे कधी नोंद नव्हती तिथूनही नोंदी येऊ लागल्या. पतंग होतेच, विचारण्याची रीत सापडली.

ल्यूर जाळीच्या छोट्या पिशवीत ठेवून साधारण कंबर ते डोक्याच्या उंचीवर, उन्हात पण थोड्या आडोशाला टांगा. मंद झुळूक हवी. खाद्यवनस्पती वाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल तर गंध बरोबर तिच्याकडे जातो. एका वेळी एकच ल्यूर लावा आणि वीस-तीस मिनिटं थांबा. कोणी आलं नाही तर जागा किंवा वेळ बदला, काही जातींचे नर सकाळी येतात तर काहींचे दुपार उतरल्यावर. हातमोजे घाला, नाहीतर गंध बोटांना, कपड्यांना, बॅगेला चिकटतो आणि पुढच्या ल्यूरचा निकाल बिघडतो. काम झाल्यावर प्रत्येक ल्यूर वेगळ्या बंद डबीत, फ्रीझरमध्ये.

आणि एक कळकळीची विनंती. नर आला, ओळखला, फोटो झाला की ल्यूर ताबडतोब काढून बंद करा. थोड्या दिवसांच्या आयुष्यात त्याला मादी शोधायची असते. खोट्या गंधाभोवती तो थकेपर्यंत घिरट्या घालत राहतो. चिकट सापळा पिकाच्या किडीसाठी ठीक आहे. अल्पपरिचित जातीसाठी तो वापरू नये.

ल्यूरला फक्त नर येतात. तुमच्याकडे माद्यांच्या नोंदी कमी असतील तर माद्या कमी आहेत असा निष्कर्ष काढू नका.

फोटोत काय काय हवं

एकच सुंदर फोटो ओळखीला पुरत नाही. वरून घेतलेला, पुढच्या पंखातला ठिपका आणि खिडक्या दाखवणारा. बाजूने घेतलेला, पोटावरचे पट्टे मोजता येतील असा. कोणत्या वळीवर पट्टा आहे हे महत्त्वाचं. समोरून चेहऱ्याचा. मागचा पाय आणि पोटाच्या टोकाचा खवल्यांचा पंखा, नराचा आणि मादीचा तो वेगळा असू शकतो. डोकं आणि खांदे स्पष्ट आले पाहिजेत: हॉर्नेट मॉथचं डोकं आणि खांद्यावरचे डाग पिवळे, तर ल्यूनर हॉर्नेट मॉथचं डोकं काळं आणि त्यामागे पिवळी गळपट्टी. या दोघांतला घोळ तेवढ्यावर मिटतो.

पतंग जुना झाला की खवले झडतात आणि पट्टे पुसट होतात, तेव्हा रंगापेक्षा पंखांच्या रचनेवर भर द्या. मोबाइलवर स्लो मोशनची सोय असेल तर उडण्याचं चित्रण जरूर घ्या, अल्पपरिचित जातीच्या वागण्याची नोंद ही फोटोइतकीच मोलाची. आणि ज्या झाडावर किंवा काठावर तो बसला, त्याचाही एक फोटो.

अळीपासून पतंग मिळवायचा असेल तर

छाटणीत निघालेल्या फांद्यांत अळ्या असतील तर त्या जाळून टाकण्याआधी थांबा. करंट क्लिअरविंगसारख्या जाती अशा फांद्यांतून वाढवता येतात. फांदीचं खालचं टोक ओल्या वाळूत रोवा, वर जाळी बांधा, डबा बाहेरच्या हवामानात सावलीत ठेवा. घरातल्या उबेत ठेवलं तर पतंग अवेळी बाहेर पडतो आणि तारखेची नोंद निरुपयोगी होते. फार पाणी शिंपडलं की बुरशी धरते. कधी पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाशी बाहेर येते. ती फेकू नका, तिचीही नोंद करा.

सगळ्याच जाती शेतकऱ्याच्या शत्रू नाहीत, हेही सांगायला हवं. कार्मेंटा मिमोसा ही जात ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये मुद्दाम सोडली गेली, कारण तिची अळी मिमोसा पिग्रा या माजलेल्या काटेरी तणाचं खोड पोखरते.

नोंद आणि नाव

तारीख, घड्याळाची वेळ, ऊन-वारा, अक्षांश-रेखांश, वनस्पतीचं नाव, नर की मादी, काय करत होता, आणि भोक किंवा टरफल असेल तर त्याची जमिनीपासूनची उंची. ल्यूर लावूनही काही आलं नाही, तर तेही लिहा. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना दुर्मिळ जातीचं नेमकं ठिकाण झाकून ठेवा, संग्राहक तिथे पोहोचायला वेळ लागत नाही.

नाव लावायची घाई करू नका. या कुळात जवळच्या जाती फोटोवरून वेगळ्या करणं अनेकदा अशक्य असतं. गटापर्यंत खात्री असेल तर गटापर्यंतच लिहा. नवी जात असल्याची शंका आली तर तज्ज्ञाकडे फोटो पाठवा. नुसत्या चित्रावरून नवं नाव सहसा देता येत नाही, त्यासाठी नमुना, संग्रहालयातल्या मूळ नमुन्यांशी तुलना आणि शक्यतो डीएनए बारकोड लागतो. बारकोडसाठी मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि त्याला पतंगाचा एक पायही पुरतो.

ज्या झाडावर यंदा ताजं टरफल मिळालं, त्याला खूण करून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जा. दोन-तीन वर्षं आत राहणाऱ्या जातींत मधलं एखादं वर्ष कोरडं जाऊ शकतं, म्हणून सलग तीन हंगाम बघितल्याशिवाय ‘इथून पतंग गेला’ असं लिहू नका.